झेंडू, गोकर्ण आणि मनूचा फोटो

रवि., ८ सप्टेंबर १८९५, गिरगाव

सकाळभर परसात. पिवळं फुलपाखरू झेंडूवर बसलं. मी श्वास रोखला, तर ते तगरीवर. तगरीशी गेलो, तर परत झेंडूवर. हा कॅमेरा हातात धरून इतक्या जवळचं काढायचं तर फुलापर्यंतचं अंतर बरोबर हवं. म्हणून दोरी. एक टोक भिंगाखाली बांधलेलं, दुसरं मनू फुलाला टेकवते आणि हळूच काढून घेते. धाकटी बहीण, पण जरब केवढी. "दादा, नंदीबैलासारखा डोलू नकोस."

काचेच्या दोन प्लेटा संपल्या. आई म्हणते, आधी बहिणीचं जमव, फुलपाखरं कुठे जात नाहीत. जातात, तीच तर अडचण आहे.

मंगळ., १०

जिन्याखालची खोली बंद करून, तांबड्या कागदाचा कंदील लावून प्लेटा औषधात धुतल्या. मग कागद उन्हात ठेवून छापले. फुलपाखरू ठळक आलंय, मिशासुद्धा दिसतात. पण काळंकुट्ट. झेंडू म्हणजे नुसता कोळसा. मागे वेलीवरचं निळं गोकर्ण मात्र दुधासारखं पांढरं.

विहिरीच्या पाण्याचा दोष असावा. की औषधाचा? हापिसात सोराबशेटना विचारलं, कॅमेरा त्यांच्याकडूनच घेतलाय. म्हणाले, "तुमचा हात हालते, नि औषधला नाव ठेवते." हात हालला तर काळं कसं होईल? पण त्यांच्याशी वाद कोण घालणार.

शुक्र., १३

मनूने झेंडू, जास्वंद आणि गोकर्ण एका काडीला शेजारी शेजारी बांधले. "आता एकच काढ." काढला. नळाचं पाणी, नवं औषध. तरी झेंडू काळा, जास्वंद काळी, गोकर्ण पांढरं. डोकं फिरायची वेळ आली.

मनू तो कागद बराच वेळ बघत बसली. "हा मला दे."

"बिघडलेला कशाला?"

"असू दे."

रवि., १५

आईचे चुलतभाऊ गोविंदमामा परळहून आले. श्रावणात पत्रिका जुळली होती तेच स्थळ. मुलगा परळच्या एका गिरणीत हेडक्लार्क (मुलगा म्हणायचं, पस्तिशी आली). बिजवर, चार वर्षांची एक मुलगी. स्वतःचं घर, स्वभावाने गरीब. मी एकदा भेटलोय, वाईट म्हणायला जागा नाही. त्यांना मुलगी बघायची घाई आहे.

गो. मामा म्हणाले, "पितृपक्ष चाललाय, आत्ता मुलगी दाखवता यायची नाही. पण फोटोला कसला पक्ष? एवढी पाखरं टिपतोस, बहिणीचा एक टीप." आईला पटलं. तिला अलीकडे काहीही पटतं. मनूला पंधरावं सरलंय, बायका तोंडावर घोडनवरी म्हणतात.

मनूने एवढंच विचारलं, लग्नानंतर शाळेत जाता येईल का. मामा हसले. "अगं, त्याच्या पोरीला शाळेत घालायची वेळ आली, तू कसली जातेस?" मीही हसलो. का हसलो कोण जाणे. मनू हसली नाही.

मंगळ., १७

हापिसाआधी मनूचा फोटो. फुलपाखरांसाठी लावलेलं जवळचं भिंग काढलं, दोरी सोडली. तगरीपाशी उभी केली, हातात शेवंती. तोंडाला हळद इतकी की मानेपर्यंत पिवळी. आईने लावली असणार. म्हटलं, जास्त झालीय, पुसून ये.

"राहू दे. उजळ दिसतं म्हणतात."

एकदम शांत उभी राहिली. फुलपाखरू असं कधी बसत नाही.

गुरु., १९. घटस्थापना

फोटोत मनू काळी. सावळी नव्हे, तव्याच्या बुडासारखी. कपाळावरचं कुंकू शोधावं लागतं. घरात ती सगळ्यांत उजळ. दुसरा काढतो म्हटलं, पण मामा जाता जाता थांबले होते, घाईत होते. "फोटोत सगळेच काळे येतात रे," म्हणून घेऊन गेले.

माझं सगळंच काळं का येतं?

सोम., २३

परळहून निरोप. पत्रिका पुन्हा पाहिली, नाडी एक निघाली. श्रावणात वेगळी होती, नवरात्रात एक झाली. गो. मामाही ओशाळले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "नाडीबिडी काही नाही रे. त्याच्या आईला रंग पसंत नाही. दुसरा काढ, जरा उजळ येऊ दे. रविवारी येऊन नेतो, मी बोलतो त्यांच्याशी."

आई जेवली नाही. उपास आहे म्हणाली. नवरात्रात ती उठता-बसता करते, सोमवारचा कधीच नाही.

बुध., २५

सगळे कागद ओळीने मांडले. फुलपाखरू पिवळं, काळं आलं. झेंडू, तेच. गोकर्ण निळं, पांढरं आलं. मग मनू. पाणी नाही, औषध नाही, हातही नाही. या प्लेटेला पिवळा, तांबडा रंग दिसतच नाही, कागदावर तो काळा उतरतो.

आईला विचारलं, "एवढी हळद कशाला फासलीस तिला?"

"मी? मी दुधाने तोंड पुसून जा म्हटलं होतं. हळद तिची तिने घेतली."

तीन फुलांचा तो कागद मनूकडे आहे. म्हणजे तिला माहीत होतं? की साध्या पोरीसारखी गोरं दिसायला हळद लावली, आणि मीच नसतं काही शोधतोय? विचारावं, तर काय विचारावं? ती हो म्हणाली तर मग मला काहीतरी करावं लागेल.

मामांना एक शब्द सांगितला तर लग्न जमतं. माणूस खरंच बरा आहे. आईच्या जिवाला किती घोर आहे ते मी रोज बघतो. आणि मनू मला हवी आहे इथे, परसात, दोरी धरायला. हे शेवटचं कारण माझं आहे की तिचं, तेही कळत नाही. भीती वाटते.

शनि., २८. दसरा

सरस्वती, माझी टाक-दौत, आणि यंदा कॅमेराही पूजेला. मनूने त्याला हळद-कुंकवाचं बोट लावलं, वर झेंडू ठेवला. आई म्हणाली, "ऊन चांगलं पडलंय, दिवसही चांगला. आत्ताच काढून घे फोटो. आणि मने, तोंड स्वच्छ धू."

परसात गेलो. मनू मागून आली. तोंड धुतलेलं, हातात हळदीची वाटी तशीच. झेंडूवर दोन पिवळी फुलपाखरं होती, तिने तिकडे पाहिलंही नाही.

"दादा, लावू?"

कॅमेऱ्यातली प्लेटेपुढची फळी उघडली, परत लावली. मग म्हटलं, "ढग आलेत. आज राहू दे."

तिने वर पाहिलं. निळंभोर आकाश, ढगाचा पत्ता नाही. मग माझ्याकडे पाहिलं.

"हो, आलेत खरे," म्हणाली, आणि वाटी घेऊन आत गेली.

आईला मीही तेच सांगितलं. ती ओट्यावर येऊन बराच वेळ वर बघत होती. उद्या रविवार, मामा यायचे आहेत.