वरच्या मजल्यावरील नापास काट्याबाबत माझी अंतिम इच्छा

मी, गुलाबराव कडूबा म्हस्के, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय परवानाधारक वजनकाटा दुरुस्ती, मुक्काम साखरखेर्डा, तालुका सिंदखेडराजा, जिल्हा बुलढाणा, लिहून ठेवतो की माझी बुद्धी स्थिर, रक्तदाब गोळीने नियंत्रित आणि हे लेखन कोणाच्याही धाकाविना आहे. धर्मपत्नी जयमाला शेजारी उभी राहून "आटपा, जेवण थंडं होऊन राह्यलं" असे म्हणत आहे. तो धाक कायद्याने धाक नव्हे, असे वकील पूनम कायंदे यांचे मत आहे.

१. राहते घर, बँकेतील ठेव आणि शिवणयंत्र जयमालेस. शिवणयंत्र मूळचे तिचेच; तथापि दानशूर म्हणून मरण्याची माझी आकांक्षा आहे.

२. किराणा व्यापारी उत्तमराव यांच्या पारड्याखाली सन २००३ मध्ये मला आढळलेला चिंचेचा गोळा बरणीत सुरक्षित आहे. तो त्यांस सन्मानपूर्वक परत करावा. "उडून चिकटला असंल" हा त्यांचा खुलासा बरणीवर लिहिलेला आहे.

३. माझ्या दुकानावरील खोलीत माझा भाचा प्रसेनजित इंगळे याचे सॉफ्टवेअर कार्यालय आहे. तेथे पाच जण बाजार समित्यांसाठी आवक-पावतीची प्रणाली रचतात. प्रत्येक कामास किती कष्ट पडतील याचे प्रसेनजित आधीच अंदाजाने गुण देतो आणि ज्याने जितकी कामे पुरी केली त्यांच्या गुणांची शनिवारी बेरीज करतो. या महिनाअखेर कामावरून कमी करावयाच्या यादीत एकमेव नाव आहे : कोकिळा खरात. ही विदुषी दुसरबीडहून एस.टी.ने येते, इतर चौघांच्या चुका निस्तरते आणि तिच्या घरात मिळवती ती एकटीच. चुका निस्तरण्यास गुण नाहीत.

मी विचारले, तुझा एक गुण म्हणजे किती, तो कोणत्या प्रमाण वजनाशी ताडलास? त्याने संगणकावरची बेरीज दाखवली. तेव्हा तीस वर्षांच्या सवयीने मी परीक्षण केले. पावतीवर अडत्याचे नाव छापण्याचे एकच काम सोमवारी एका शीर्षकाने व शुक्रवारी दुसऱ्या शीर्षकाने त्यांच्या कामांच्या यादीत सरकवले. प्रसेनजिताने सोमवारी तीन गुण दिले, शुक्रवारी आठ. कोकिळाबाईंनी मात्र दोन्ही वेळा लिहिले, "दोन ते पाच दिवस. जुना कोड उघडल्याशिवाय याहून नेमके सांगणार नाही." शुक्रवारी खाली एक ओळ अधिक होती, "हे सोमवारचेच काम आहे."

तोच दगड एकदा तीन किलो आणि एकदा आठ किलो दाखवणाऱ्या काट्यावर निरीक्षक नापासाची खूण करतात. मी हे सर्व भाच्यापुढे ठेवले.

"मामा, तो अंदाज हाय. अंदाजाले काटा काऊन लावता?"

"मंग त्या अंदाजानं माणूस घरी काऊन धाडून राह्यला बे?"

यावर त्याने चहा मागवला.

४. सबब माझी सर्व अवजारे आणि पितळी प्रमाण वजनांची पेटी कोकिळा खरात यांस. ही वजने माल तोलण्यासाठी नसतात. तोलणाऱ्यास तपासण्यासाठी असतात. आकड्यासोबत आपली शंकाही लिहिणारी व्यक्ती मला या पंचक्रोशीत दुसरी आढळली नाही.

५. वरची खोली जयमालेस. नापास काट्यावर कोणाचीही रोजीरोटी तोलली गेल्यास तिने ती खोली तत्काळ रिकामी करून घ्यावी. पूनमताईंनी हरकत घेतली की मृत्युपत्र मरणोत्तरच अंमलात येते. महिनाअखेरपर्यंत मरण्याचा माझा मानस नाही. म्हणून हे कलम मी आज दुपारी प्रसेनजितास मोठ्याने वाचून दाखवले, आणि तोवर खोलीचा मालक मीच आहे याचे स्मरण दिले.

तो जिन्यात बसला. मग म्हणाला, "गुण सोडले तं मोजू कशानं, मामा?"

"आधी काय मोजतं ते ठरव. मंग दोनदा मोज. मंग माणसाकडं पाह्य."

६. लाभार्थ्याने साक्षीदार होऊ नये, असा नियम आहे. या पत्रान्वये प्रसेनजितास काहीही मिळत नसल्याने तो सर्वथा पात्र ठरतो.

स्थळ : साखरखेर्डा
दिनांक : १७ जून २०२५

(सही) गुलाबराव कडूबा म्हस्के

आम्हां दोघांसमक्ष त्यांनी सही केली व त्यांच्यासमक्ष आम्ही केली :

१. (सही) ॲड. पूनम कायंदे
२. (सही) प्रसेनजित इंगळे. यादी मागं घेतली. नवी कधी काढीन, ते आत्ता सांगता येत नाही.