रायफल — विकतची की हातची

२० सप्टेंबर

लेंपी आली आणि सेल्माची रायफल घेऊन गेली. माझ्यासमोरून! खांद्याला अडकवून, दारातून तिरकी होऊन — जणू तिचीच. आता तिचीच आहे म्हणा. सेल्मानेच हॉस्पिटलात सांगितलं होतं, 'लेंपीला द्या. ओनी ती नुसती भिंतीवर टांगेल.'

खरं आहे. टांगलीच असती. म्हणून तर जास्त झोंबतं.

बायको माझी. रायफल मैत्रिणीला.

२१ सप्टेंबर

अंत्यविधीच्या वेळी शेजाऱ्यांनी आणलेली भांडी आज परत केली. लेंपीचं मुद्दाम ठेवलं.

२७ सप्टेंबर

चर्चबाहेर लेंपीला गाठलं. 'यंदा नोव्हेंबरात मी येऊ? सेल्माच्या जागेवर?' हरणांचा मोसम उघडला की या दोघी दलदलीकडच्या फळ्यांच्या खोपीत जाऊन बसायच्या. मी घरी. मला रक्त पाहवत नाही, हे गावाला ठाऊक आहे.

ती हसली. 'तू? अरे, कोंबडी कापायची म्हटलं की कोठारामागे पळायचास!'

'नुसतं बसायला काय जातं?'

'रिकाम्या हाताने तिथे कोणी बसत नाही, ओनी. बघ्यांसाठी नाही ती खोपी. स्वतःची रायफल आण, मग बोलू.'

ठीक. आणतो!

१ ऑक्टोबर

हार्डवेअरच्या दुकानात एक वापरलेली आहे. ओढूनताणून परवडेल. 'घेऊन टाका, उद्या शिकारीला तयार,' दुकानदार म्हणाला. खांद्याला टेकवायच्या लाकडी दस्त्यावर कुणाची तरी अक्षरं कोरलेली. हातात धरली. दुसऱ्याचा कोट घातल्यासारखं वाटलं.

३ ऑक्टोबर

ट्रेथवीकडे गेलो. तो बंदुका दुरुस्त करतो. त्याच्याकडे लष्कराची एक जुनी रायफल पडून आहे — लोखंड चांगलं, लाकूड कुजलेलं. जवळजवळ फुकट देतोय. दस्ता मी करायचा, अक्रोडाचा ठोकळा तो देणार.

'पण नकाशेवाले,' म्हणाला (खाणीच्या ऑफिसात मी जन्मभर नकाशे काढले), 'यात रेघ चुकली तर खोडायची सोय नाही. आणि स्वस्तात पडेल म्हणून करणार असाल तर करूच नका. हे आणा, ते आणा करत खर्च तेवढाच होतो. वर शिव्या स्वतःलाच द्याव्या लागतात.'

४ ऑक्टोबर

विकतची — तयार, खात्रीची, पण दुसऱ्याची. हातची — वेळखाऊ, बिघडायची भीती, पण माझी. दिवसभर हेच चाललं होतं डोक्यात. संध्याकाळी सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवताना एकदम वाटलं — लेंपीला असलं काही जन्मात जमायचं नाही.

ठरलं. हातची!

९ ऑक्टोबर

पटाशी बोटात गेली. काम चालू.

१४ ऑक्टोबर

लेंपी तिचं भांडं मागायला आली. कोठारात डोकावली. 'हे काय, वल्हं करतोयस?' मग ठोकळ्यावर टेकून म्हणाली, 'एकदा खोपीत सेल्मा इतकी हसली, की समोर आलेलं हरीण पळालं.'

'कशाला हसली?'

'ते सांगून कळायचं नाही.'

मला कळायचं नाही! मी विचारलं, दिवसभर बोलायचात तरी काय? म्हणाली, 'काही नाही. बसायचो.'

गप्पांचा हेवा वाटला तर समजू शकतो. मला त्यांच्या गप्प बसण्याचाही वाटतो.

भांडं दिलं. घासलं नव्हतं.

२९ ऑक्टोबर

दस्ता झाला. नळी घट्ट बसली. खांद्याकडचं टोक मात्र माप न घेताच कापलं. आयुष्यभर मापं घेतली, इथे नाही घेतली. डोळ्यांना बरोबर दिसेपर्यंत कापत गेलो आणि थांबलो. जवसाचं तेल चोळलं. सुंदर दिसते. लेंपीने बघायलाच हवी.

८ नोव्हेंबर

खडीच्या खड्ड्यात लेंपीसोबत निशाण लावायला गेलो. पहिलाच बार, आणि धक्क्याने माझाच अंगठा माझ्या नाकावर आदळला. भळाभळा रक्त. ते पाहून मी मटकन खाली बसलो. लेंपी पोट धरून हसली. 'हरणं वाचली रे बाबा!'

मग रायफल उचलून तिने स्वतःच्या खांद्याला लावली. हसणं थांबलं.

'आखूड आहे ही. तुझे हात केवढे लांब! तुझं नाक फुटणारच.' मग गाल दस्त्यावर टेकवला. 'तू सेल्माच्या मापाची केलीस, ओनी.'

रायफल म्हणजे कशी दिसते, ते मी सेल्माच्याच हातात पाहिलेलं.

१० नोव्हेंबर

ट्रेथवी म्हणाला, मागे तुकडा जोडून लांब करता येईल. नको म्हटलं.

१५ नोव्हेंबर

उजाडायच्या आत खोपीत पोचलो. मी सेल्माच्या जागी बसलो. लेंपी दारातच उभी, आत येईना. विचारलं, 'मी इथे बसलेलं बघवत नाही का?'

'नाही बघवत.' मग बाहेरच्या बर्फाकडे बघत — 'माझ्या वाट्याला नोव्हेंबरातले चार दिवस यायचे, ओनी. बाकी अख्खं वर्ष तुझं. दरवेळी तिला तुझ्या दारात सोडून मी एकटी घरी जायचे. हेवा काय तू एकट्यानेच करायचा?'

मी सरकलो. तिला जागा केली.