नेलिदाने धुवायचे कपडे

मी, सातुर्निनो वाम्पुतुपा, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार वायलापाम्पा, प्रांत आपुरिमाक, गुडघे सोडून बाकी सगळे शाबूत असताना, कोणाच्या दडपणाविना, हे मृत्युपत्र आमच्या क्वेचुआ भाषेत लिहून ठेवतो. कचेरीला स्पॅनिश लागते. ती प्रत रोखेलियो मास्तर करतील.

घर आणि वरचे बटाट्याचे शेत माझी मुलगी ओर्तेन्सिया हिला. लिमाहून येऊन तिने ते विकू नये, पण पोटापुढे कोणाचे चालते?

पायाने दाबून चालवायचा नांगर मेहुणा पाउलिनोला. कित्येक वर्षे तो त्याच्याकडेच आहे. मागितला की म्हणतो, "दाजी, उद्या आणतो." आता आणू नये.

अंगावरचे कपडे आणि पोंचो यांचे मात्र नीट ऐका.

नेलिदा सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिचे जावळ माझ्या बायकोने, एउलालियाने काढले, मेंढी दिली, धर्माची आई झाली. पोर आमच्याच चुलीपाशी बोलायला शिकली. एउलालियाच्या पोटात दुखायला लागले तेव्हा, आपली पोर आहे म्हणून, मी तिला तिथेच नेले.

एउलालिया तिचा हात धरून सांगत होती, "पोरी, कळ उजवीकडं खाली सरकलीय गं, सांग की त्यांना."

डॉक्टर किनाऱ्याकडचे, त्यांना फक्त स्पॅनिश येते. त्यांनी विचारले, "काय म्हणतेय ही?"

नेलिदा म्हणाली, "मला नाही येत ही बोली."

गोळ्या देऊन घरी पाठवले. उजाडायच्या आत एउलालिया गेली. रिवाजाप्रमाणे पाचव्या दिवशी नदीवर तिचे कपडे धुतले, तेव्हाही नेलिदा आली नाही.

मी तिचे वाईट चिंतत नाही. हीच भाषा बोलली म्हणून शाळेत तिला खड्यांवर गुडघे टेकून बसवलेले मी पाहिले आहे. आता दवाखान्याच्या दारावर आमच्या भाषेत स्वागताची पाटी आहे. आत अजून स्पॅनिशच.

तर माझे कपडे पाचव्या दिवशी नेलिदानेच धुवावेत. धुणाऱ्याने मेलेल्याला निरोप द्यायचा असतो, नाहीतर तो उंबऱ्याशी घुटमळतो. आधी तिने पाण्यात उभे राहून एउलालियाला हाक मारावी, आमच्या भाषेत, काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी, आणि विचारावे, "आई, कुठं दुखतंय?" मग मला जा म्हणावे.

ती आली नाही, तर दुसऱ्या कोणी कपड्यांना हात लावू नये. मी थांबेन.

वायलापाम्पा, १४ ऑगस्ट २०१९.

सही: सातुर्निनो वाम्पुतुपा

साक्षीदार: रोखेलियो अल्का, शाळामास्तर.

साक्षीदार: सिप्रियाना, नेलिदाची आई. तिला हे सगळे वाचून दाखवले. ती म्हणाली, "दादा, अंगठा कुठं उठवू?"