गोंदणावरची पट्टी

मंगळवार, संध्याकाळ. जपानातलं गरम कुंडांचं जुनं गाव.

दुपारी लेक सुनंदा म्हणाली, "माय, गोंदलेल्या माणसाला इथं कुंडात उतरू देत न्हाईत. बदमाश लोकांची निशाणी समजतात. मनगटावर पट्टी लावू." म्हटलं, "आष्टीच्या बाजारात तुळस गोंदली म्हणून मी बदमाश झाले का?" ती हसली. मला हसू आलं न्हाई.

चारचौघींत उघडं बसायची लाज बाजूलाच राहिली, सगळा जीव त्या पट्टीत. अन् कढत पाण्यात ती सुटलीच, तरंगत लांब गेली. आता हाकलतील, लेकीची मान खाली जाईल, या धास्तीनं हात पाण्यात दाबून बसले. घेरी यायला लागली. सुनंदा म्हणे, "बाहेर ये, जल्दी." कशी येऊ?

समोरची म्हातारी त्या तरंगत्या पट्टीकडंच बघत होती. आता ही ओरडणार. तिनं डोक्यावर घडी करून ठेवलेला पंचा काढला, माझ्या मनगटावर पांघरला आणि दंडाला धरून मला उठवलं. मनगट तसंच झाकून कुंडाच्या दाराबाहेर आले.

पंचा इथं उशाशी वाळतोय. परत द्यायला उद्या तिथंच जावं लागणार, म्हणजे पुन्हा ती पट्टी.