खिडकीजवळचे आणि पंख्याखालचे

सोमवार, ४ मार्च

नवे साहेब आले! पाणीपट्टीच्या आमच्या ऑफिसात चार टेबलं, चार माणसं. आजवर मला वाटायचं, चौघांच्या डोक्याला एकच ताप — बिलं. साहेब म्हणाले, नाही. इथे चार धर्म आहेत, आणि "हे फार नाजूक प्रकरण आहे." कुठूनतरी सलोख्याचं प्रशिक्षण घेऊन आलेत. धर्माचं नाव तोंडातून काढायचंच नाही म्हणे, उगाच कुणाचं मन दुखावतं. मग बोलायचं कसं? तर टेबलावरून! मी पंख्याखालची. कॅशियर खिडकीजवळचे. टायपिस्टबाई दाराजवळच्या. शिपाई कपाटाजवळचा.

मी विचारलं, "आणि तुम्ही, सर?"

"मी केबिनमधला."

हसून हसून पुरेवाट. माझ्या डोक्यावरचा पंखा गेली तीन वर्षं बंद आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

इतकी वर्षं आम्ही चौघं एकाच टेबलावर डबे उघडतो. आज सूचना लागली — सलोखा राखण्यासाठी प्रत्येकाने आपापल्या टेबलावर जेवावे. शिवाय ज्याच्या त्याच्या प्रार्थनेच्या वेळी अर्धा तास सुटी. सुटी चांगली आहे, पण एकटीला घास जाईना. शेवटी टायपिस्टबाईंनी दिलेली भाजीची वाटी शिपायाने फायलींआड लपवून माझ्यापर्यंत आणली. अगदी चोरीचा माल!

रविवार, १० मार्च

चिरंजीवांनी बॉम्ब टाकला. लग्न ठरवलंय! कुणाशी? कॅशियरच्या मुलीशी! फ्रॉक घालून ऑफिसात यायची तेव्हापासून पाहतेय तिला. गुणी पोर. मला आनंदच झाला, खोटं कशाला लिहू. पण घरात सासूबाई आहेत. यांनी लगेच पेपर तोंडापुढे धरला — म्हणजे आईला सांगायचं काम माझं.

सोमवार, ११ मार्च

सांगितलं. सासूबाईंनी एकच विचारलं, "कुठली?" तेही सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"त्या घरचं पाणी माझ्या घशाखाली उतरायचं नाही. ती इथे आली की मी निघाले."

कुठे? ते म्हणे त्या बघतील. त्या घरात आणि या घरात एकाच टाकीचं पाणी येतं, हे पाणीपट्टीतली बाई असून मी बोलले नाही. पोरगा म्हणतो, आजीचा होकार नसेल तर लग्न नाही, आणि दुसऱ्या कुणाशी तर मुळीच नाही.

गुरुवार, १४ मार्च

सासूबाई नातवाशी बोलत नाहीत. बोलायचं झालंच तर फ्रिजकडे बघून बोलतात. "सांग त्याला, उन्हात टोपी घाल म्हणावं." पोरगाही फ्रिजलाच सांगतो, "घातलीय म्हणावं." दोघांचा एकमेकांवर एवढा जीव, आणि मधे हा फ्रिज. हसता हसता रडू आलं मला. यांचा पेपर अजून तोंडापुढेच आहे.

सोमवार, १८ मार्च

आज कहर झाला. खिडकीचा वारा रोज एकानेच का खायचा, अशी कुणीतरी कुरकुर केली होती. (मीच.) झालं! साहेबांना त्यात अन्याय दिसला. आता दर सोमवारी सगळ्यांनी एकेक टेबल पुढे सरकायचं. कॅशियर पंख्याखाली आले, मी दाराजवळ, टायपिस्टबाई कपाटाजवळ, शिपाई खिडकीत. पण साहेबांच्या डोक्यातले धर्म टेबलांनाच चिकटलेले!

दुपारी हळूच माझ्याजवळ आले. "तुमची प्रार्थनेची वेळ झाली. जा तुम्ही, मी बघतो."

"सर, ती वेळ टायपिस्टबाईंची."

"असं कसं? दाराजवळच्या तुम्ही आहात."

"आज सकाळपासून बसतेय, सर."

"मग आजपासून सुटी."

घेतली! बाजारात जाऊन आले. परत आले तर टायपिस्टबाई कपाटाचं दार अर्धं उघडून त्याच्याआड उभ्या राहून प्रार्थना करत होत्या, आणि त्या साहेबांना दिसू नयेत म्हणून शिपाई फायली हातात घेऊन पहारा देत होता. लाज वाटली मला. उद्या सुटी नको म्हणून सांगणार.

घरी सांगितलं तर सगळे हसले. सासूबाई सोडून. त्या एकदम वळल्या, फ्रिजकडे नाही, माझ्याकडे.

"म्हणजे तो कॅशियर आता पंख्याखालचा?"

"साहेबांच्या लेखी."

"म्हणजे आपल्यातला."

"अहो आई, टेबल बदललंय फक्त!"

"साहेब मोठा का तू मोठी?"



मंगळवार, १९ मार्च

म्हातारीला वाट हवी होती! मला मेलीला कालच कळायला हवं होतं. आज सकाळी नातवाला — हो, थेट नातवाला — म्हणाल्या, "मुलीच्या घरी जायचं तर या रविवारी. सोमवारी पुन्हा सरकतील ते."

पोरगा त्यांच्या गळ्यातच पडला. यांनी पेपर खाली ठेवला.

रविवार, २४ मार्च

गेलो. दारातच कॅशियरच्या थोरल्या भावाने अडवलं. "आमचा माणूस पंख्याखालचा झाला, असं तुम्ही म्हणता म्हणे! आम्हाला मान्य नाही!"

कॅशियर कळवळून म्हणाले, "दादा, उद्या मी दाराजवळ जातोय. बसू दे त्यांना."

सासूबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पाणी आलं, नको. चहा आला, नको. मग कॅशियरच्या आई येऊन शेजारी बसल्या. वय तेच, गुडघे तसेच, आणि कान दोघींचेही कामातून गेलेले. एक डोळ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती, दुसरी सुनेबद्दल (म्हणजे माझ्याबद्दल!), आणि दोघीही "अगदी खरं" म्हणत होत्या. निघताना उठवेना दोघींना.

घरी येऊन म्हणाल्या, "करा लग्न. मी मात्र तिथे काही खाणार-पिणार नाही." नका खाऊ! होकार आला, देव पावला. कुठला ते विचारू नये.

बुधवार, २७ मार्च

तारीख ठरवायला बसलो. पोरगा मान खाली घालून म्हणाला, "नाही करायचं."

काय? "दोघांनी मिळून ठरवलंय. तुमच्याशी भांडत होतो तोवर आम्हाला एकमेकांशी भांडायला वेळच नव्हता. होकार मिळाला आणि पहिल्यांदाच नीट बोललो. आमचं जमत नाही, आई."

मी डोक्याला हात लावला. यांनी पेपर उचलला. सासूबाई आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. सुटले बाई, असं म्हणत असतील आत. मला मात्र रात्रभर वाईट वाटत राहणार.

रविवार, ३१ मार्च

सकाळपासून सासूबाई घरात नाहीत. शोधाशोध. दुपारी कॅशियरचा फोन आला — त्या आमच्याकडे आहेत, आईबरोबर जेवतायत, काळजी करू नका. मागून सासूबाई ओरडल्या, "सांगा तिला, मोडलं ते मुलांचं! आमचं कुठे मोडलंय?"