गॅलरीतला कालवा

१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७:०५

आजपासून ही वही. मोठ्या कामाची सुरुवात कोणी नोंदवून ठेवत नाही आणि मग श्रेय भलताच माणूस खातो. पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं हेच पाहिलं. कालव्यातली पाण्याची पातळी आपोआप राखणाऱ्या दारांचा माझा प्रस्ताव अकरा वेळा वर गेला, अकरा वेळा खाली आला. शेरा दरवेळी तोच: पाटकरी आहे ना! पाटकरी म्हणजे कालव्याचं दार हाताने वरखाली करणारा माणूस. हाताने! किळस येते.

घोडपदेवच्या या चाळीत तरी काय वेगळं आहे? तिसऱ्या मजल्यावर दहा खोल्या, नळ एकच, तोही जिन्याजवळ एकवीस नंबरच्या दारात. पाणी पावणेसहा ते सात. एकवीस नंबर म्हणजे कालव्याचं हेड. आमची तीस नंबरची खोली म्हणजे टेल. माझी बायको माया रोज नळापासून घरापर्यंत हंड्याच्या बारा खेपा घालते. उजवा खांदा दुखतो म्हणते. ओझं उचलू नका, असं डॉक्टरांनी जानेवारीतच बजावलंय.

संकल्प: गुढीपाडव्यापर्यंत मायाला एकही हंडा उचलावा लागणार नाही. मी स्वतः उचलून प्रश्न सुटणार नाही, नुसता पुढे ढकलला जाईल.

२ फेब्रुवारी, रविवार

ड्रॉइंग पूर्ण. पीव्हीसी पाइप उभा चिरला की झाला कालवा. गॅलरीच्या कठड्याला बांधायचा. नळाखाली सुरुवात, आमच्या पिंपात शेवट. प्रत्येक खोलीपुढे कालव्यात एक पत्र्याचं दार, दाराला पाण्यावर तरंगणारा फ्लोट. पातळी उतरली की फ्लोट उतरतो, दार उघडतं. पातळी भरली की बंद. वीज नको, माणूस नको.

धम्मपालला बोलावलं. चिंचपोकळीला त्याचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. हात चांगला, दृष्टी नाही. ड्रॉइंग उलटसुलट करून म्हणाला, काका, एवढं कशाला? नळाला होज पाइप लावतो, टाकतो तुमच्या पिंपात, विषय कट. त्याला समजावलं की बंद पाइपात मोकळी पातळीच नसते, मग नियंत्रण कशाचं करणार? तो म्हणाला, पाणी तर येईल ना! या देशाचं काही खरं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. पहिली चाचणी

५:४५ सगळा मजला गॅलरीत. मायाने पिंप घासून ठेवलंय.
५:५१ पाणी सोडलं.
५:५४ दारं उघडली. सगळी. एकदम.
५:५५ दारं बंद झाली. सगळी. एकदम.
५:५६ पुन्हा उघडली.
५:५८ लाट. मीराबाईंच्या कुरडया.

याला शास्त्रात हंटिंग म्हणतात. हेडला केलेला बदल टेलला पोचायला वेळ लागतो, तोवर दारं उतावीळ होतात. भल्याभल्या कालव्यांत होतं. मीराबाईंना (एकवीस नंबर, हेडला राहतात, स्वभावही तसाच) शांतपणे सांगितलं की ही गळती नाही, लाट आहे. त्या म्हणाल्या, ओ साहेब, तुमची लाट तुमच्या घरात ठेवा, तीन दिवस भिजवलेला गहू गेला माझा.

चाचणी नव्वद टक्के यशस्वी. आमच्या पिंपात दीड तांब्या पाणी आलं. बाकीचं मायाने आणलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

फ्लोट जड केले. लाट थांबली. पाणी टेलपर्यंत आलं, पण काय काय घेऊन आलं! चहाचा चोथा, पेस्टचा फेस, मांदेलीची डोकी. चोवीस नंबरवाला कालव्यात चूळ भरतो, मी डोळ्यांनी पाहिलं. पंचवीस नंबरने फ्लोटवर वीट ठेवलीय, त्यांचं दार बंदच होत नाही, त्यांच्या उंबऱ्यात पूर. खात्यात असताना हेडचे बागायतदार असंच करायचे. माणूस म्हटलं की शिसारी येते.

माया पिंपात वाकून बघत म्हणाली, अहो, हे देवापुढे कसं ठेवू? तिने पिंप मोरीत ओतलं आणि हंडा घेऊन गेली. गाळणी बसवावी लागेल. बाकी तत्त्व बरोबर आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

दोष दारांत नाही, शिस्तीत आहे. कोणत्या शेतकऱ्याने कधी पाणी घ्यायचं, याचा खात्यात लेखी क्रम असतो. त्याला शेजपाळी म्हणतात. आम्ही नुसतं पाळी म्हणायचो. तोच उपाय. जिन्यातल्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं:

‘तिसऱ्या मजल्यावरील सर्व महिलांनी आपापल्या पाळीची तारीख व वेळ सोबतच्या वहीत नोंदवावी. पाळी चुकल्यास अभियंत्यास तत्काळ कळवावे. – र. वा. घाडी, खोली नं. ३०.’

वही सुतळीने खिळ्याला बांधली. पेनही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्रचंड प्रतिसाद. सगळ्या मजल्यांवरून लोक फळा वाचायला येतायत. तिघांनी फोटो काढले. चाळीच्या ग्रुपवरही गेलाय म्हणे. वहीत मात्र एकच ओळ, तीही निनावी: पुरुषांनी काय करायचं? प्रश्न रास्त आहे. खाली उत्तर लिहिलं: पुरुषांनी सहकार्य करावे.

मीराबाईंची सून श्रेया, नर्स आहे, जिन्यात भेटली. म्हणाली, काका, माझी चुकली तर मी आधी नवऱ्याला सांगणार हां. मी म्हणालो, आधी मला, तुझ्या नवऱ्याला यातलं काय कळतं? ती पायरीवरच बसली. तरुण पिढीला रस आहे, हे चांगलं लक्षण.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सहा बायका दारात. मीराबाई पुढे. साठी उलटली तरी लाज नाही का, इथून जी सुरुवात झाली ती अर्धा तास. कशाबद्दल चाललंय हे मला बराच वेळ कळेना. कळलं तेव्हा सांगितलं की हा खात्याचा शब्द आहे, शासकीय परिपत्रकात आहे. मीराबाई म्हणाल्या, परिपत्रक घाला चुलीत. दुपारपर्यंत कालवा उपटून जिन्याखाली टाकलेला होता.

शब्दाचा अर्थ कळत नाही तिथे शास्त्र काय शिकवणार? वीट आला. माया आतच होती, बाहेर आली नाही. फळा मात्र तिने पुसला, मला न विचारता.

३ मार्च, सोमवार

माया आता आपल्या मजल्याच्या नळावर जात नाही. बायका बघतात, तोंडाला पदर लावतात, म्हणते. तळमजल्याच्या नळावरून आणते. तीन जिने. जाताना मला दार ओढून घ्यायला सांगते. त्या वेळात मी सुधारित ड्रॉइंग करतो, शांतता असते. जिने चढणं हृदयाला चांगलं असतं, असं वाचल्याचं आठवतं.

११ मार्च, मंगळवार

माया आज वेणी घालून घ्यायला श्रेयाकडे गेली. उजवा हात कानाच्या वर जात नाही. म्हणजे बायकांशी बोलणं पुन्हा सुरू झालं. वातावरण निवळतंय. पाडव्याच्या आधी योजना परत मांडायला हरकत नाही. या वेळी ‘पाळी’ऐवजी ‘क्रम’.

१५ मार्च, शनिवार

श्रेयाने डॉक्टरांची वेळ घेतली होती. मीही गेलो. डॉक्टरांनी मायाचा हात धरून हळूहळू वर नेला. ती ओरडली नाही. डोळ्यांतून पाणी आलं फक्त. डॉक्टर म्हणाले, जानेवारीत सांगितलं होतं ना ओझं नको म्हणून? मग माझ्याकडे बघून विचारलं, घरात पाणी कोण भरतं?

मी तोंड उघडणार तेवढ्यात माया म्हणाली, आमच्याकडे आपोआप भरतं.

आवाजात राग नव्हता. श्रेया हसली नाही. डॉक्टर लिहीत राहिले. माझी मलाच किळस आली. ड्रॉइंगबद्दल कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगावंसं वाटलं नाही.

१६ मार्च, रविवार

५:४५ हंडा घेऊन आपल्या मजल्याच्या नळावर. नंबर आठवा.
६:२८ पहिली खेप. अर्धा हंडा वाटेत सांडला.
६:४० दुसरी. मीराबाई म्हणाल्या, साहेब, खालून धरा, गळ्याला धरून पेलत नाही.
६:५३ तिसरी. हंडा खालून धरला.
७:०० पाणी गेलं. पिंप चार बोटं भरलं.

मायाला विचारलं, एवढ्या वेळात बारा खेपा कशा व्हायच्या? ती म्हणाली, पावणेपाचला जाऊन हंडा नंबराला लावायचा, म्हणजे पहिलं पाणी आपलं. रोज? म्हणाली, रोज. लग्न झाल्यापासून.

मी त्या वेळी झोपलेला असायचो.