दोघांनाही बरोबर म्हणताना

आबा,

आज पलसाण्याच्या मिलमध्ये तुमची फार आठवण आली. दुपारी रंगखात्यात वाफ दाटते, माणसं कमरेपासून वर विरघळल्यासारखी दिसतात. त्या वाफेतून कुणीतरी तुमच्यासारखी मान तिरपी करून गेलं आणि मी हाक मारणारच होते. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झालीत, हे वाफ विरल्यावर आठवलं.

माझ्या हाताखाली दोघं आहेत. रंग जुळवणारा नांदेडकडचा मास्तर आणि कापड तपासणारी बाई. मास्तर कापड ट्यूबलाइटखाली बघतो, बाई दारात उन्हात धरते. तोच मोरपंखी आत हिरव्याकडे झुकतो, बाहेर निळ्याकडे. ती माल परत पाठवायची, तो भडकायचा. दोघं वेगवेगळी माझ्याकडे यायची. मी त्याला म्हणायची, "तुमचंच बरोबर." तिला म्हणायची, "तुझंच बरोबर." दोघंही खूश, आणि मीही स्वतःवर खूश! मग "ताईंनीच मला सांगितलंय" म्हणत ती एकमेकांच्या अंगावर गेली. काल बाई म्हणाली, "ताई, सोमवारपासून मी नाही यायची." तिच्या एकटीवर घर चालतं. माझ्या गोडपणापायी तिची नोकरी सुटायला आली होती.

रात्रभर आपल्या पर्वत पाटियातल्या घराचं, माझ्या लहानपणीचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे तरंगत होतं. आई आणि काकू भांडल्यात, मी आळीपाळीने दोघींच्या कुशीत शिरून आलेय. तुम्ही कडोदऱ्याच्या लूमवरून आलात, कानातले कापसाचे बोळे अजून तसेच. भाकरी मोडता मोडता म्हणता, "दोन्हीस्ले खरं म्हनी राह्यनी का? मंग भांडन तूच पोसी राह्यनी, माय." मी रडते. लूमवर एकाच मागावरचे दोन पाळ्यांचे कारागीर कापडातल्या डागावरून भांडले, की तुम्ही एकट्याचं ऐकायचा नाहीत. कापडाची दोन टोकं दोघांच्या हातात द्यायचात आणि मग म्हणायचात, आता बोला.

आज मी तेच केलं. दारात उभं करून दोघांच्या हातात टोकं दिली आणि सांगून टाकलं, की मी तुम्हा दोघांनाही बरोबर म्हणत आलेय.

"म्हणजे मॅडम, इतके दिवस आम्ही येडे?" मास्तर म्हणाला.

बाई म्हणाली, "ताई, तुम्हीच असं केल्यावर आम्ही जायचं कुणाकडे?"

दोघं मिळून माझ्यावर चिडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग माझ्याकडे पाठ करून कुठल्या उजेडात बघायचं ते त्यांनीच ठरवलं. बाई सोमवारी येणार आहे.

पाठवायला पत्ता नाही म्हणून हे लिहिता येतंय. शेवटच्या आजारपणात तुम्हाला गावी जायचं होतं, आईला इथला दवाखाना सोडायचा नव्हता. तुम्हाला मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नेते." आत जाऊन आईला म्हणाले, "कुठं नेत नाही मी त्यांना." तुम्ही पिशवी भरून ठेवली होती, आबा. आईला दिसू नये म्हणून ती मीच पलंगाखाली सरकवली.